पेन्शन ज्या नियमांवर ठरते ते नियम पाहिलेत का? एसटी ते साखर कारखाना, खान्देशातल्या निवृत्तांनी कोणता कागद कुठे मागायचा

अमळनेर, चोपडा, साक्री, शिरपूर. एसटीच्या कुठल्याही डेपोतून रिटायर झालेल्या मंडळींचा एक व्हॉट्सॲप ग्रुप असतोच. सकाळी सुविचार, दुपारी कुणाच्या तरी निधनाची बातमी आणि रात्री एक फॉरवर्ड: 'वाढीव पेन्शनचा प्रश्न मिटला, सर्वांना पाठवा.' गेली सात-आठ वर्षं हा प्रश्न असा रोज मिटतोय.

समजा, त्या ग्रुपमध्ये एक नाना आहेत. अठ्ठावीस वर्षं गाडी चालवली आणि ५८ व्या वर्षी उतरले. वाढीव पेन्शनसाठी २०२३ मध्ये पुतण्याने मोबाईलवरून त्यांचा अर्ज भरून दिला. आता उत्तर आलंय, की ट्रस्टच्या नियमांनुसार अर्ज मान्य करता येत नाही. नाना पुतण्याला विचारतात, "कसला ट्रस्ट रे भाऊ? आन् कोणते नियम? मी तर कधी पाहिले नाहीत."

नाना काल्पनिक आहेत, पण त्यांचा प्रश्न तसा नाही. आपली पेन्शन ज्या नियमांवर ठरते तो कागद नेमका कोणता, तो कुणाकडे असतो आणि मागितला तर देणं कुणावर बंधनकारक आहे, हे बहुतेकांना रिटायर झाल्यावरही माहीत नसतं. २०२५ पासून तर कित्येकांची पेन्शन याच कागदावर अडली आहे.

आधी भानगड समजून घेऊ

खाजगी कंपनी, सहकारी कारखाना, सूतगिरणी, महामंडळ, कुठेही नोकरी असली तरी पगारातून १२ टक्के पीएफ कापला जातो. मालकही तेवढीच रक्कम भरतो. मालकाच्या १२ पैकी ८.३३ टक्के पेन्शन फंडात जातात, उरलेले पीएफमध्ये. या पेन्शन योजनेचं नाव कर्मचारी निवृत्तीवेतन योजना १९९५, बोलीभाषेत ईपीएस-९५. ती १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाली.

मेख इथे आहे, की ८.३३ टक्के पूर्ण पगारावर कापत नाहीत. त्याला मर्यादा आहे. सुरुवातीला ५,००० रुपये, २००१ पासून ६,५०० आणि १ सप्टेंबर २०१४ पासून १५,०००. तुमचा पगार चाळीस हजार असला तरी पेन्शनच्या हिशेबात तो पंधराच हजार धरला जातो.

नानांचा ढोबळ हिशेब करू. सूत्र सोपं आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. सप्टेंबर २०१४ च्या आधीची १८ वर्षं ६,५०० ने आणि नंतरची १० वर्षं १५,००० ने धरली, तर महिन्याला सुमारे ३,८०० रुपये होतात. आता खरा पगार धरू. समजा २०१४ च्या आधीची सरासरी २० हजार होती आणि शेवटच्या पाच वर्षांची ४० हजार. तेव्हा हाच आकडा १०,८०० च्या पुढे जातो. (वीस वर्षांवर सेवा असेल तर मिळणारी दोन वर्षांची जादा सेवा इथे धरलेली नाही.) म्हणजे नानांना महिन्याला सात हजारांचा फरक पडतो. ते गेल्यावर काकूंना जी पेन्शन मिळेल, तीही याच आकड्यावरून ठरेल.

अर्थात हे फुकट नाही. इतक्या वर्षांचा फरक पीएफमधून व्याजासकट परत भरावा लागतो आणि ती रक्कम काही लाखांत जाऊ शकते. म्हणून हो म्हणण्याआधी गणिताचा कागद हातात हवा. त्याकडे पुढे येऊ.

कोर्टाने दिलं, मग अडलं कुठे?

जास्त पगारावर पेन्शन घ्यायची सोय १९९६ मध्येच योजनेत आली होती. कर्मचारी आणि मालक, दोघांनी मिळून तसा पर्याय द्यायचा होता. हे कुणाला कळलंच नाही, आणि ज्यांना कळलं त्यांना 'मुदत संपली' असं सांगण्यात आलं. हिमाचल प्रदेश पर्यटन महामंडळाचे कर्मचारी सुप्रीम कोर्टात गेले. ४ ऑक्टोबर २०१६ ला आर. सी. गुप्ता प्रकरणाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. अशी कोणतीही शेवटची तारीख योजनेत नाही, असं कोर्ट म्हणालं. पुढे बरीच वळणं आली आणि ४ नोव्हेंबर २०२२ ला सरन्यायाधीश उदय लळीत यांच्या खंडपीठाने सुनील कुमार प्रकरणात निकाल दिला. १ सप्टेंबर २०१४ ला नोकरीत असलेल्यांना पर्याय देण्याची आणखी एक संधी मिळाली. त्याआधीच रिटायर झालेल्या आणि पर्याय न दिलेल्या मंडळींना मात्र काहीच मिळालं नाही.

मुदती वाढत वाढत ११ जुलै २०२३ पर्यंत गेल्या. देशभरातून साडेसतरा लाखांच्या आसपास अर्ज आले. जुलै २०२५ मध्ये सरकारने लोकसभेत आकडेवारी दिली. मालकांकडून पुढे आलेल्या सुमारे १५.२४ लाख अर्जांपैकी ११ लाखांहून जास्त नाकारले गेले होते आणि सुमारे चार लाखांना पैसे भरायची पत्रं गेली होती.

इतके अर्ज का पडले? कारणं अनेक आहेत, पण त्यातलं एक थेट कागदाचं आहे. १८ जानेवारी २०२५ ला ईपीएफओने एक खुलासा काढला. ज्या आस्थापनांचा पीएफ स्वतःच्या ट्रस्टकडे आहे, तिथले अर्ज त्या ट्रस्टच्या नियमांशी जुळतात की नाही हे बघून ठरवायचे, असा त्याचा रोख होता. सेलच्या काही पोलाद कारखान्यांतले निवृत्त याच मुद्द्यावर अडले आणि उच्च न्यायालयांत गेले.

एसटी महामंडळाचाही पीएफ स्वतःच्या ट्रस्टकडे असतो. पेन्शनचा हिस्सा ईपीएफओकडे जातो आणि पीएफ ट्रस्टकडे राहतो. त्यामुळे धुळे असो वा जळगाव विभाग, तिथल्या निवृत्ताला दोन घरी कागद मागावे लागतात. हेच बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ते ईपीएफओच्या दारात जातात, तिथे 'ट्रस्टला विचारा' म्हणतात. ट्रस्टकडे गेलं की 'ईपीएफओला विचारा'.

नियम नोटीस बोर्डावर, तेही मराठीत

कायद्याच्या कलम १७ खाली एखाद्या आस्थापनेला स्वतःचा ट्रस्ट चालवायची सूट मिळते, पण त्याला अटी असतात. त्या पीएफ योजनेच्या परिच्छेद २७ ए ए च्या परिशिष्टात दिल्या आहेत. त्यातली एक अट एसटीच्या प्रत्येक निवृत्ताने आणि आज स्टिअरिंगवर असलेल्यानेही वाचायला हवी. ट्रस्टचे मंजूर नियम आणि त्यात वेळोवेळी झालेले बदल मालकाने आस्थापनेच्या नोटीस बोर्डावर लावायचे आहेत, आणि सोबत बहुसंख्य कर्मचाऱ्यांच्या भाषेतला अनुवादही.

खान्देशात बहुसंख्य कर्मचाऱ्यांची कागदावरची भाषा मराठीच. अहिराणी आणि तावडी बोलणारेही अर्ज मराठीतच करतात. तुम्ही तुमच्या डेपोत ड्युटी चार्टच्या शेजारी असा कागद लावलेला पाहिला आहे का, ते कमेंटमध्ये सांगा.

त्याच परिशिष्टात आणखी दोन कामाच्या अटी आहेत. कर्मचाऱ्यांच्या हिताला बाधा येईल असा बदल नियमांत करायचा तर पीएफ आयुक्तांची आधी मंजुरी लागते, आणि मंजुरी देण्यापूर्वी कर्मचाऱ्यांना आपलं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. दुसरी, मूळ योजनेत एखादा बदल ट्रस्टच्या नियमांपेक्षा जास्त फायद्याचा झाला, तर ट्रस्टचे नियम औपचारिकपणे बदलण्याची वाट न बघता तो आपोआप लागू होतो.

म्हणून 'ट्रस्टच्या नियमात बसत नाही' हे उत्तर आलं की विषय संपत नाही. कोणता नियम, कोणत्या तारखेचा, तो मंजूर कधी झाला, आणि बदलला असेल तर कर्मचाऱ्यांना विचारलं होतं का, हे विचारायला तिथून सुरुवात होते. २०२२ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने ट्रस्टवाल्या आस्थापनांच्या कर्मचाऱ्यांना इतरांसारखंच धरा, असं सांगितलं होतं. मग त्यांच्याच बाबतीत ट्रस्टचा नियम आडवा कसा येतो, हा वाद अजून कोर्टांत आहे. माझ्या मते ईपीएफओची बाजू इथे लंगडी आहे. ज्या नियमावर माणसाची पेन्शन नाकारायची, तो नियम नाकारण्याच्या पत्रासोबत जोडायला काय हरकत होती?

परदेशाशी तुलना दरवेळी बरोबर नसते, पण इथे ती करायला हवी. अमेरिकेत १९७४ चा एरिसा नावाचा कायदा आहे. सभासदाने लेखी मागितलं तर पेन्शन योजनेच्या व्यवस्थापकाने ३० दिवसांत योजनेचे मूळ कागद द्यायचे, नाही दिले तर कोर्ट दिवसाला ११० डॉलरपर्यंत दंड लावू शकतं. आपल्याकडे पेन्शन योजनेच्या कायद्यात रोजचा असा दंड नाही. मात्र माहिती अधिकार आहे, आणि तो नीट वापरला तर बऱ्याच ठिकाणी काम होतं.

अर्जात नेमकं काय लिहायचं

एसटी महामंडळ राज्याचं, म्हणून त्याला राज्याचे नियम. माहिती अधिकाराचा अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांच्या आत हवा. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टँप चालतो, राज्याच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवरूनही करता येतो. ईपीएफओ केंद्राची संस्था, तिच्यासाठी केंद्राचं पोर्टल किंवा पोस्टल ऑर्डर. दोन्हीकडे उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, तुमच्याकडे परत टाकायचा नसतो.

बहुतेक अर्ज पडतात ते प्रश्नाच्या भाषेमुळे. 'मला वाढीव पेन्शन का दिली नाही?' असं विचारलं की 'प्रश्नार्थक माहिती देता येत नाही' असं उत्तर येतं. कारण विचारू नका, कागद मागा. साधारण असं:

'माझ्या नोकरीच्या काळात लागू असलेल्या भविष्य निर्वाह निधी ट्रस्टच्या मंजूर नियमांची प्रत द्यावी. १९९५ पासून आजपर्यंत या नियमांत झालेल्या प्रत्येक दुरुस्तीची आणि तिला मिळालेल्या मंजुरीच्या पत्राची प्रत द्यावी. आस्थापनेला कलम १७ खाली सूट देणाऱ्या अधिसूचनेची प्रत द्यावी.'

बस, एवढंच. यात स्वतःची व्यथा, सेवेचा इतिहास, 'मी ज्येष्ठ नागरिक असून' वगैरे नको. व्यथा खरी असते, पण १५० शब्दांत ती आणि कागद दोन्ही मावत नाहीत. आणि दुसऱ्या कुणाचा हिशेब मागू नका, 'अमुकला मिळाली मग मला का नाही' म्हणून. वैयक्तिक माहिती म्हणून तो नाकारला जातो. स्वतःचा मागा.

दुसरा अर्ज ईपीएफओला. त्यात अर्ज नाकारण्याचा पूर्ण आदेश, त्यामागची कार्यालयीन टिपणी, तुमच्या खात्यात मालकाने वर्षागणिक भरलेल्या रकमेचा तपशील आणि पेन्शनचं गणित केलेला कागद मागायचा. पीपीओवर म्हणजे पेन्शनच्या आदेशावर शेवटचा आकडा असतो. तो कसा आला हे गणिताच्या कागदावर कळतं. सेवेची किती वर्षं धरली, मधले बिनपगारी दिवस किती वजा केले, कोणत्या काळाला कोणता पगार लावला. संपाचे आणि रजेचे दिवस चुकून जास्त वजा झाले असतील तर तेही इथेच सापडतं.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयाच्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिलं अपील. अपिलात बरेचदा कागद निघतात. त्यानंतर ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरं अपील, मात्र तिथे वाट बघायची तयारी हवी.

आणि ज्यांचा कारखानाच राहिला नाही?

एसटी निदान जागेवर आहे. खान्देशातली दुसरी मोठी गर्दी साखर कारखाने आणि गिरण्यांच्या कामगारांची. फैजपूरजवळचा मधुकर आणि चाळीसगावचा बेलगंगा हे सहकारी कारखाने थकीत कर्जापोटी जिल्हा बँकेमार्फत विकले गेले. साक्री तालुक्यातला पांझराकान तर कधीचाच बंद आहे. अशा ठिकाणी कागद मागायला ऑफिसच उरत नाही. टाइमकीपरच्या खोलीतली रजिस्टरं कुठे गेली, हे कुणालाच सांगता येत नाही.

पण कारखाना बंद झाला म्हणजे पेन्शनची नोंद संपली असं नाही. जुन्या काळी मालक दरवर्षी प्रत्येक कामगाराचं एक पत्रक ईपीएफओला देत असे, त्याला फॉर्म ३-ए म्हणतात. सगळ्या कामगारांचं एकत्र पत्रक म्हणजे ६-ए. महिन्याला किती पगारावर किती रक्कम भरली हे त्यात असतं. कारखान्याची प्रत गेली तरी ईपीएफओकडची प्रत मागता येते. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांचं काम नाशिकच्या क्षेत्रीय कार्यालयाकडे आहे. अर्जात आस्थापनेचा कोड नंबर आणि पीएफ खाते क्रमांक हवा. तो जुन्या पगार चिठ्ठीवर, पीएफच्या वार्षिक स्लिपवर किंवा बरोबरच्या एखाद्या कामगाराच्या कागदावर सापडतो. एकाच कारखान्याच्या सगळ्यांचा कोड एकच असतो, त्यामुळे एकाकडे मिळाला की सगळ्यांचं काम होतं. ग्रुपचा असाही उपयोग करता येतो.

सहकारी संस्थांच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. सहकारी संस्था सरसकट माहिती अधिकारात येत नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०१३ मध्ये थलप्पलम प्रकरणात सांगितलं. म्हणून कारखान्याकडे आरटीआय टाकून उपयोग होईलच असं नाही. मात्र सहकार खात्याला किंवा ईपीएफओला त्या संस्थेकडून कायद्याने जी माहिती घेता येते, ती तुम्ही त्या खात्याकडून मागू शकता. म्हणजे अर्ज कारखान्याला नाही, नाशिकला करायचा.

मालकाने पैसेच भरले नव्हते, असंही कधी कधी कागदातून निघतं. अशा वेळी ईपीएफओने कलम ७-ए खाली चौकशी केली होती का, आणि केली असेल तर त्या आदेशाची प्रत मागा. बुडालेला पीएफ हा मालमत्तेवरचा पहिला बोजा असतो. २००९ मध्ये साखर कारखान्यांच्याच प्रकरणात, महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेच्या विरोधात, सुप्रीम कोर्टाने पीएफची थकबाकी बँकेच्या कर्जाच्या आधी येते असं ठरवलं. विकल्या गेलेल्या कारखान्याच्या कामगारांनी तो निकाल जवळ ठेवावा.

ज्यांचा पीएफ ट्रस्टकडे नाही तर थेट ईपीएफओकडे होता, त्यांचा वाढीव पेन्शनचा अर्ज वेगळ्या कारणाने अडतो. मर्यादेपेक्षा जास्त पगारावर पीएफ भरायला परवानगी घेतली होती का, हे त्यांना विचारतात. पीएफ योजनेच्या परिच्छेद २६(६) ची ही परवानगी. ती हजारात एखाद्याने घेतली असेल. पण जून २०२३ मध्ये ईपीएफओनेच इतर पुरावे मान्य केले: मालकाने प्रमाणित केलेली पगार चिठ्ठी, मालकाच्या दप्तरातल्या संयुक्त विनंतीची प्रत, किंवा ४ नोव्हेंबर २०२२ पूर्वी पीएफ कार्यालयाने दिलेलं, जास्त पगारावर पीएफ भरल्याचं दिसणारं पत्र. म्हणून जुन्या पगार चिठ्ठ्या रद्दीत देऊ नका. दिवाळीच्या साफसफाईत आधी त्याच जातात.

बंद कारखान्यातल्या मयत कामगाराच्या पत्नीचा अजून पेन्शनचाच अर्ज व्हायचा असेल, तर मालकाची सही नाही म्हणून थांबू नका. आस्थापना बंद असेल तर राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसारख्या अधिकृत माणसाची साक्षांकित सही चालते. एक तारीख मात्र आधी तपासा. १६ नोव्हेंबर १९९५ पूर्वीच नोकरी सुटली असेल, तर हिशेब वेगळा. तेव्हा १९७१ ची कुटुंब पेन्शन योजना होती आणि तिच्यात कामगाराला स्वतःला महिन्याची पेन्शन नव्हती. जळगावची खान्देश मिल त्याआधीच बंद पडलेली. तिथल्या जुन्या कामगारांच्या मुलांना याच तारखेमुळे नकार येतो आणि त्यांना तो अन्याय वाटतो.

नाशिकला जावंच लागतं का?

धुळ्याहून नाशिक दीडशे किलोमीटरच्या पुढे, जळगावहून अडीचशेच्या आसपास. सत्तरीच्या माणसाने यावल किंवा शिंदखेड्याहून एका झेरॉक्ससाठी दोन बसा बदलत जायचं हे काही बरं नाही. दर महिन्याच्या २७ तारखेला ईपीएफओ प्रत्येक जिल्ह्यात 'निधी आपके निकट' नावाचं शिबिर घेतं. त्या दिवशी सुट्टी असेल तर दुसऱ्या दिवशी. जागा दर महिन्याला बदलू शकते, आधी चौकशी करून जा. तिथे तोंडी बोलून येऊ नका. अर्जाच्या दोन प्रती न्या, एक द्या, दुसरीवर तारखेसह पोच घ्या.

किमान पेन्शन २०१४ पासून महिना एक हजार रुपये आहे. ती साडेसात हजार करावी म्हणून खान्देशाच्या सीमेला लागून बुलढाण्यात ईपीएस-९५ च्या निवृत्तांनी डिसेंबर २०१८ पासून साखळी उपोषण चालवलं. त्या मागणीचं काय व्हायचं ते दिल्लीत होईल. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेखाली या योजनाही पुन्हा लिहिल्या जाणार आहेत. नवे नियम आले की जुन्या नियमांच्या प्रती मिळवणं आणखी कठीण होतं, आणि तुमची सेवा तर जुन्या नियमांखालीच झाली आहे.

नानांचा अर्ज पुतण्याने आता दोन ठिकाणी टाकलाय. एक मुंबईला महामंडळाकडे, ट्रस्टच्या नियमांसाठी. दुसरा नाशिकला, नाकारल्याच्या आदेशासाठी आणि गणितासाठी. पोचपावत्यांचे फोटो त्याने ग्रुपवर टाकले आणि खाली १५० शब्दांच्या आतला मजकूरही, म्हणजे बाकीच्यांना नाव आणि खाते क्रमांक तेवढा बदलावा लागेल.